यतीबाईंनी खोडलेला सूर्य

कविता धडाधड वाचणाऱ्याचा बाईंना मनस्वी राग. तळहात उभा धरून त्या मध्येच थांबवत आणि म्हणत, "श्वास घे गं, ओळ कुठे पळून चालली नाही." ओळीत थांबायच्या जागेला यती म्हणतात, हे आम्हाला व्याकरणाच्या पुस्तकाआधी त्या तळहातानेच शिकवलं. म्हणून त्या यतीबाई. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा माझा संशय आहे.

नायगावच्या बीडीडी चाळीत, तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत आम्ही दहावीच्या सात-आठ मुली मराठीच्या शिकवणीला जमायचो. पाठ केलेल्या व्याख्या त्यांना चालत नसत. "पोरगी आईसारखी म्हटलं की उपमा. पोरगी म्हणजे आईच म्हटलं की रूपक. झालं!" अतिशयोक्ती शिकायला तर त्यांनी आम्हाला खरोखरच नळावर पाठवलं. तिथलं मालवणी काकूंचं भांडण ऐकून आम्ही पानभर उदाहरणं आणली, आणि ती वाचून बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

त्याच वर्षी माझे बाबा गेले. ते पोलिसात हवालदार होते. मला रडूच येईना, आणि आईसमोर त्यांचं नावही काढवेना. आम्ही दोघी गप्प बसून जेवायचो. महिन्याभराने मी बाबांवर एक कविता लिहिली आणि "पुस्तकात सापडली" अशी थाप मारून बाईंना दाखवली. एखादा अलंकार राहिला तर मार्क जातील, अशा धास्तीने मी प्रत्येक ओळीत एक तरी कोंबला होता. बाबा सूर्यासारखे तेजस्वी, सागरासारखे अथांग.

थाप बाईंनी लगेच ओळखली असणार. बाकीच्या मुली गेल्यावर त्या म्हणाल्या, "तेजस्वी कशाला? ड्यूटी करून दमून यायचे ना तुझे बाबा? आल्यावर आधी काय करायचे?"

"मोजे धुऊन खिडकीत टाकायचे."

"मग?"

"अजून आहेत तिथेच. आई काढत नाही. मीपण नाही."

त्यांनी सूर्य खोडला, सागर खोडला. "हे लिही. आत्ता बोललीस तसंच."

"पण बाई, यात अलंकार कुठला?"

"एकही नाही. लिही, आणि घरी जाऊन आईला वाचून दाखव."

मला त्यांचा भयंकर राग आला. एवढी मेहनत करून आणलेली कविता दोन ओळींवर आली होती.

चाळ पाडायला घेतली तेव्हा बाई बदलापूरला भाचीकडे गेल्या आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच वारल्या. मी आता शाळेत मराठी शिकवते. अलंकारांची नावं मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतात, ती त्यांच्यामुळेच. पण बाईंचं खरं ऋण आहे ते त्या संध्याकाळचं.

आई भाकऱ्या थापत होती. मी दारातच उभं राहून त्या दोन ओळी वाचल्या. तिने गॅस बंद केला, पिठाच्या हाताने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "परत वाच."

तिसऱ्यांदा वाचताना मला रडू फुटलं. मग तिलाही.