खालाची परात

सोमवारी ताडकळसच्या बाजारातून मी मासा आणला. आयुष्यात पहिल्यांदा... आणि शिजवायचाही मलाच होता.

माझी बायको सुशीला पावसाळ्यापासून अंथरुणावर आहे. क्षय. चार पावलं चालली तरी तिला दम लागतो, आणि आता तर घास तोंडाजवळ नेला की ती मान फिरवते.

परभणीचे डॉक्टर म्हणाले, औषधाचा भरवसा नाही, अन्न पोटात गेलं पाहिजे. तळलेलं नको, तिखट नको. मासा आणि भाज्या एकत्र बेक करून द्या. बेक! हा शब्द मी इंग्रजी पुस्तकांत कितीदा वाचला असेल... पण ओव्हन आमच्या अख्ख्या तालुक्यात कुणी पाहिलेला नाही.

या राज्यात शेतसारा वसूल करायला गावोगाव माणूस पोचतो, डॉक्टर पोचत नाही. हे मी भर सभेत गर्जून सांगायचो. आता निजामाच्या राज्यात मला भाषणबंदी आहे. गर्जायचं कुठे? चुलीपुढे?

भिंतीपलीकडे खाला राहते, अख्ख्या गल्लीची मावशी. हल्ली गावात हिंदू-मुसलमान वस्त्या एकमेकींकडे तिरक्या नजरेनं बघतात, आणि माझ्या भाषणांनी त्यात तेल ओतलं असं तिच्या घरचे म्हणतात. तरी मला दारात पाहून तिनं एवढंच विचारलं, "बहू कैसी है?"

मग तिनं आपली कल्हईची, झाकणाची परात काढून दिली. "सब इसमेंच जमाओ. ऊपर-नीचे अंगार. फिर दम देना भाई, दम."

दम द्यायला तर मला चांगलं येतं... त्यावरच तर बंदी आली.

मरळ माशाचे तुकडे परातीत मांडले. भोवती लाल भोपळा, दोडका, कांदा. हळद, मीठ, लिंबू, चमचाभर करडीचं तेल. झाकणाच्या कडेला कणीक लावली, खाली-वर गोवऱ्यांचे निखारे ठेवले.

आणि जरा वेळानं झाकण उघडून पाहिलं. मग पुन्हा. मग पुन्हा... कणकेचे तुकडे पडले, राख आत गेली, मासा काट्यापाशी कच्चाच राहिला.

सुशीला अंथरुणावरून बघत होती. "अहो, लय घाई तुमाला! सभेत एवढी माणसं पेटवता, आन एक मासा शिजंना व्हय?"

ती हसली. हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेना. पाठीवर हात फिरवताना बरगडी न् बरगडी माझ्या हाताला लागत होती.

खोकला ओसरल्यावर म्हणाली, "आता उघडायचं न्हाई. जरा दम धरा."

राख लागलेल्या फोडी काढल्या, कणीक पुन्हा लावली, आणि बसलो. मी इतकं वाचलं, राज्यं उलथल्याचे इतिहास पालथे घातले... पण असं गप्प बसायचं कसं, हे एकाही पानावर नव्हतं. निखारे मंदावत गेले तसं मला स्पष्ट दिसत होतं, तिला वाचवायला हे पुरणार नाही. तरी झाकण उघडलं नाही.

शेवटी उघडलं तेव्हा मासा काट्यावरून अलगद सुटत होता. तिनं भोपळ्याची एक फोड खाल्ली, माशाचे दोन घास खाल्ले. "चांगलं झालंय," म्हणाली... आणि मान फिरवली. बाकीचं सगळं तसंच राहिलं.

उसनं भांडं आमच्याकडे रिकामं परत करत नाहीत. दुसऱ्या दिवशी परात घासली, उकळत्या पाण्यातून काढली, ओंजळभर शेंगा घातल्या आणि खालाकडे गेलो.

तिनं शेंगा पदरात घेतल्या, परात माझ्याच हातात ठेवली. "रहने दो, भाई. बहू अच्छी हुई तो लाना."

मी परात काखेत धरली. सुशीला बरी झाली म्हणून ती परत जाणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

खाला, तुझे उपकार फिटायचे नाहीत. परात आमच्या चुलीपाशी आहे, आज पुन्हा कणीक भिजवली आहे. ती परत करायची मला घाई नाही... जन्मात पहिल्यांदाच, कसलीच घाई नाही.