मुकर्रम ओपांचा गुरुवारचा चहा

मुकर्रम ओपा, म्हणजे मुकर्रमताई, शिकवायच्या इतिहास, पण उझबेकिस्तानच्या फर्गाना खोऱ्यातल्या त्या संस्थेत मुलं त्यांना ओळखायची ती गुरुवारच्या चहामुळे. तास संपले की त्या आपल्या खोलीत किटली ठेवायच्या, नान मोडून मध्ये मांडायच्या आणि गप्प बसायच्या. एवढंच. वर्गात ज्यांच्या तोंडून ब्र निघत नसे ती पोरं इथे घडाघडा बोलायची. ओपा ऐकायच्या, जमेल तिथे धावपळ करायच्या, नाही जमलं तर आणखी चहा ओतायच्या.

चांगलं काही दिसलं की वरच्यांना ते आपल्या खिशात घालावंसं वाटतं. उपकुलगुरू तोलिब अकांनी (अका म्हणजे दादा) या चहाला ‘मोकळा संवाद’ असं नाव दिलं, दारावर पाटी ठोकली आणि स्वतः येऊन बसायला लागले. पहिल्याच गुरुवारी दोन मुलांनी खानावळीतल्या शिळ्या मांसाबद्दल सांगितलं. अकांनी दोघांची पाठ थोपटली. महिन्याच्या आत हजेरीचं निमित्त काढून दोघांनाही घरी पाठवलं गेलं.

ओपांनी जाब विचारला तेव्हा अका हसले. "नियम सगळ्यांना सारखा, ओपा. तुम्ही मुलांना बोलतं करत राहा."

जानेवारीतल्या एका गुरुवारी दुपारी झुमराद आली. डोंगरातल्या गावची, पहिल्या वर्षाची, वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर राहणारी.

"ओपा, सकाळी आम्हाला उठवतच नाही. डोकं जड, मळमळ. काल शेजारच्या खोलीतली दिलनवोझ जिन्यात कोसळली. तळघरातल्या भट्टीचं धुराडं आमच्या भिंतीतून वर जातं ना, तिथे चीर पडलीय. वॉर्डनबाई म्हणतात, रात्रभर मोबाईल बघता, मग डोकं दुखणारच."

"खिडकी उघडी ठेवून झोपा."

"थंडीसाठी सगळ्या खिळे ठोकून बंद केल्यात. मी आज चहाला सांगणार आहे, अकांसमोरच."

"तू नको. मी बघते."

"पण तुम्हीच म्हणता ना, बोललं पाहिजे?"

कोळशाच्या धुरातल्या विषारी वायूने दर हिवाळ्यात कुठे ना कुठे अख्खं घर झोपेतच जातं, हे ओपांना ठाऊक होतं. झुमरादला एकदा घरी पाठवलं की तिचे वडील तिला पुन्हा शहराचं तोंड बघू देणार नाहीत, हेही ठाऊक होतं.

चहाला नेहमीची पोरं जमली. तोलिब अका भिंतीला टेकून बसले. "झुमराद, तुला काहीतरी सांगायचंय असं कानावर आलं," ते म्हणाले. कुणी त्यांच्या कानावर घातलं देव जाणे. मुलीने घसा साफ केला.

ओपांनी किटली उचलली. इकडे मान द्यायचा तर प्याल्यात घोटभरच चहा ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो आणि पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. ओपांनी झुमरादचा प्याला खाली अंथरलेल्या दस्तरखानाच्या कापडावर सांडेपर्यंत भरला.

झुमरादचा चेहरा उतरला. "माझा अभ्यास राहिलाय," असं पुटपुटत ती उठली. पाठोपाठ बाकीचीही उठली. ओपांना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

"म्हणजे कुणाची काही तक्रार नाही," अका म्हणाले. "छान. थंडी वाढतेय, भट्टीत दुप्पट कोळसा घालायला सांगितलाय मघाशीच. पोरी निवांत झोपतील."

मुलीला वाचवलं म्हणत ओपांनी तिला त्याच खोलीत परत धाडलं होतं. "अका, ते धुराडं फुटलंय. भट्टी विझवा. पोरी मरतील."

अकांनी शांतपणे किटली ओढून घेतली आणि ओपांचा प्याला काठोकाठ भरला. "निवृत्तीला किती राहिलं तुमचं?"

ओपा प्याल्याला हात न लावता उठल्या. कोट तसाच खुंटीला राहिला. अंगणात अंधारून आलं होतं. तळघरात भट्टी धडधडत होती, पण छपरावरच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता; तो आतच, खोल्यांत शिरत होता. तिसऱ्या मजल्यावर झुमरादच्या खोलीत नुकताच दिवा लागला होता, बाकीचा मजला दिवेलागण होऊन गेली तरी काळाच होता. ओपा तिच्या नावाने ओरडत पळत सुटल्या. वर कुणीही खिडकीशी आलं नाही.