माझं चार्जिंग आणि काकूंची लिफ्ट

लोकहो, आज दुपारची गोष्ट. लिहितानाही लाज वाटतेय.

नॉर्वेतल्या दिराचा व्हिडिओ कॉल आला. "वहिनी, आमच्या गल्लीत सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या. तुमच्या बदलापुरात लाईट तरी असते का?"

लाईट खरंच गेली होती, म्हणूनच जास्त झोंबलं. खाली गेले आणि आमची नवी इलेक्ट्रिक गाडी सोसायटीच्या डिझेल जनरेटरला लावली. त्याच्यावर फक्त लिफ्ट चालवायची, हे मला माहीत होतं. तरी फोनचा कॅमेरा गाडीकडे फिरवून म्हटलं, "बघा भावोजी, बदलापुरात आमच्या कात्रपलापण चार्जिंग चालू!"

तेवढ्यात जनरेटर बंद पडला आणि लिफ्टमधून चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या हाका यायला लागल्या.

मी आधी गुपचूप प्लग काढला, मग वॉचमनला बोलावलं. दार उघडलं तेव्हा काकू घामाने भिजल्या होत्या. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "तू होतीस म्हणून वाचले गं बाई!"

मी त्यांना धरून जिना चढवला. वर त्यांच्या घरी जाऊन सरबतही प्यायले.

आत्ता त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर माझे आभार मानलेत. मीपण हात जोडलेली इमोजी टाकून मोकळी झाले.

तुम्ही असता तर खरं तिथे लिहिलं असतं का? मी इथे लिहितेय, कारण इथे काकू नाहीत.