गुरूचं माप

माझ्या वडलांनी, अप्पांनी, आयुष्यभर आमच्या गावी दुबलगुंडीत शिवणकाम केलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या गल्लीत सगळ्यांना पांढरा सदरा लागतो, म्हणून आधीचे पंधरा दिवस दारात मापं चालायची. "गेल्या सालचं माप आहे की वहीत," असं कुणी म्हणालं की अप्पा विचारायचे, "गेल्या सालचं अंग घिऊन आलास व्हय?"

मी गुलबर्ग्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. अप्पांच्या लेखी मास्तर. अंतराळातली एक दुर्बीण वर्षातून एकदा गुरू, शनी, युरेनस, नेपच्यूनकडं वळते आणि त्यांच्या ढगांचे फोटो घेते. असं वर्षानुवर्षं चाललंय. मला त्याचं भारी वेड. गावी जाताना मी गुरूचा ताजा फोटो छापून न्यायचो. त्यावरचा तांबडा डाग म्हणजे पृथ्वीला पोटात घेईल एवढं वादळ. कित्येक पिढ्यांनी पाहिलेलं आणि हळूहळू आक्रसत चाललेलं.

"एकाच बाजूनं फोटो काढतेत का?" अप्पांनी पहिल्याच वर्षी विचारलं.

"न्हाई अप्पा. त्याला सोताभोवती दोन फेरे फिरू देतेत."

"मग बराबर हाय. पाठ-पोट बघितल्याबिगर माप न्हाई."

आणि त्यांनी मापाच्या वहीत एक पान गुरूला दिलं, गिऱ्हाइकासारखं. दरवर्षी फोटोवर टेप ठेवून डागाची रुंदी लिहायची.

एका वर्षी मी ऐट मिरवायला फोटो मोठ्या कागदावर छापला. डाग दोन बोटं वाढलेला भरला. झालं! विहारात जमलेल्यांसमोर मी वादळ कसं पुन्हा जोर धरतं यावर लांबलचक भाषण ठोकलं. मागून अप्पा म्हणाले, "मास्तर, गुरू बी वाढलाय की त्याच्यासंगं. वादळ न्हाई, तुझा कागद मोठा हाय." विहारातली पोरंटोरंसुद्धा हसली. तेव्हापासून मी काही फुगवून सांगितलं की घरात एकच टोमणा: "मोठा कागद आनलास व्हय?"

मी डागाकडं बघत राहिलो. डागावर टेप धरणाऱ्या मनगटाकडं माझं लक्षच गेलं नाही.

मागच्या वर्षी त्यांना गुलबर्ग्याला दवाखान्यात आणलं. "अंग कधीपासून उतरायलंय?" डॉक्टरांनी विचारलं. मी शिकलेला माणूस, ठासून सांगितलं, "महिनाभर झाला असेल."

मायनं पिशवीतून अप्पांचा सदरा काढला आणि उलटा केला. गल्लीला दरसाल नवा सदरा, स्वतःला मात्र हाच जुना. बगलेपासून खाली, शिवणीला लागून उसवलेल्या टाक्यांच्या भोकांच्या चार रांगा होत्या. अप्पा दरवर्षी सदरा आतून टाके उसवून थोडा थोडा आवळत आले होते. त्यामुळं तो कायम अंगाबरोबर बसायचा आणि अंगाबरोबर बसलेल्या कपड्याकडं कोण दुसऱ्यांदा बघतं?

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तू यायचास ते गुरूचं सांगायला," माय म्हणाली.

डॉक्टरांनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. "चार वर्षं," ते म्हणाले. "फार उशीर झाला."

यंदा मी नेहमीच्या कागदावर फोटो नेला. अप्पांनी पडल्या पडल्या डाग मोजला, आकडा लिहिला आणि टेप माझ्याकडं दिला.

"आता माझं घे. यंदा नवा सदरा पायजे. शेवटचा तरी नीट बसू दे."

उभ्या जन्मात मी कुणाचं माप घेतलेलं नव्हतं. मायनं त्यांना टेकून बसवलं. छातीभोवती टेप फिरवला. एकोणतीस.

"बत्तीस," मी म्हणालो.

अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. "मोठा कागद आनलास व्हय, मास्तर?"

मी टेप पुन्हा लावला. त्यांच्या नावाचं पान वहीत नव्हतंच. गुरूच्या आकड्यांखाली जागा होती, तिथं लिहिलं: एकोणतीस.