बाबांच्या जागी मी बोलले

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी कायद्याच्या पेपरसाठी मी दोन इंग्रजी शब्द पाठ केले होते. कॉम्पिटन्सी म्हणजे आपण काय करतोय हे माणसाला समजणं, लीगल कपॅसिटी म्हणजे ते करायला कायद्याने त्याला पात्र मानणं. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. चांगले गुण मिळाले.

त्याच वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. बोम्मसंद्राच्या कारखान्यातली नोकरी सुटली. एकेक शब्द ओढून काढावा तसं ते बोलत, पण डोकं शाबूत होतं. त्यांना एकच काम उरकायचं होतं. हेब्बाळजवळची साइट, म्हणजे घरासाठी घेतलेला मोकळा प्लॉट, आत्याच्या नावावर करायची. आई गेल्यावर विधवा आत्यानेच मला वाढवलं होतं, आणि तिचं म्हणावं असं काहीच नव्हतं.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बँक असो की गॅसची कचेरी, बोलायचं मी आणि बाबांनी मागे उभं राहायचं. मी तोंड उघडलं की ते गप्प होत. त्यांना त्याचं कौतुकच होतं.

बक्षीसपत्र घेऊन आम्ही सब-रजिस्ट्रारसमोर बसलो. त्यांनी बाबांना कन्नडमध्ये विचारलं, हा कसला कागद आहे? वीस वर्षं कारखान्यात काढलेल्या बाबांना कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात मी म्हणाले, "गिफ्ट डीड, सर. बहिणीला देतायत."

"ही साइट कुठे आहे?"

"हेब्बाळजवळ, सर."

"सुम्मने इरम्मा!" गप्प बस, असं मला दटावून साहेबांनी पुन्हा बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सवयीने. मी बोलेन म्हणून ते थांबले होते. साहेबांनी तेवढंच पाहिलं आणि कागद परत सरकवला. डॉक्टरांचा दाखला आणा, मग बघू.

बसमध्ये बाबांनी विचारलं, "म्हणजे... मी... वेडा?"

मी त्यांना ते दोन शब्द समजावून सांगू लागले. परीक्षेत लिहिले होते तसेच.

"त्याने... मला विचारलं होतं," ते म्हणाले. "तू... का बोललीस?"

दाखल्यासाठी मल्लेश्वरमच्या डॉक्टरांकडे जायला ते तयार झाले नाहीत. शहाणा आहे हे सिद्ध करायला मी कुणाच्या दारात जाणार नाही, एवढं वाक्य पुरं करायला त्यांना बराच वेळ लागला. त्या दिवशी मी मध्ये बोलले नाही. चार महिन्यांनी दुसरा झटका आला आणि ते गेले.

एकुलती एक म्हणून साइट माझ्या नावावर झाली. मी वीस वर्षांची होते. मी सज्ञान आहे का, मला समजतंय का, हे कुणीही विचारलं नाही.

मी आत्याला म्हणाले, "मी करून देते तुझ्या नावावर."

ती तांदूळ निवडत होती. "भावाने दिली असती तर मिरवत घेतली असती गं," ती म्हणाली. "तुझ्याकडून घेतली तर ते दान होईल. ठेव तुलाच."

पुढच्या महिन्यात ती मिरजेला दिराकडे राहायला गेली.