हळदीकुंकवाची मतं

दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात आमच्या साताऱ्याच्या घरात मामंजींचा पाय एका जागी ठरत नव्हता. प्रांताच्या निवडणुकीला ते उभे होते. पक्ष जुन्या वळणाचा, इनामदारांचा, रीतभात सांभाळणारा. गावोगावची तरुण पोरं त्याच्या सभेकडे फिरकेनाशी झाली होती. दिवाणखान्यात रोज एकच घोर, नवी माणसं आणायची कुठून?

सांगलीहून आलेले वकील म्हणाले, "आता काही बायकांनाही मत आहे. आपण त्यांच्या दाराशी कधी गेलोच नाही."

"मग हळदीकुंकू करू," मामंजी म्हणाले. "संक्रांत आलीच आहे. धाकट्या सूनबाई जातील."

धाकटी मी. माहेर सांगलीचं, तिथं मी शाळेत चालत जायची. इथं लग्न झाल्यापासून पडदा लावलेल्या गाडीशिवाय वाड्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. बाहेर पडायला मिळणार म्हटल्यावर माझं चित्त थाऱ्यावर राहिना. तिळगूळ वळायला थोरल्या जाऊबाई बसल्या होत्या. थोरले दीर इटलीत लढाईत कामी आले, तेव्हापासून त्या माजघराच्या पुढं येत नसत. त्यांची ये-जा मागच्या दारानं. पुढच्या दारात पुरुषमाणसांना त्यांचं दर्शन नको, अशी घराची रीत. मला त्या रीतीचा संताप यायचा, पण बोलायची छाती नव्हती.

गाव निवडलं ते फौजींचं, घरटी एक तरी माणूस पलटणीत. देवळाच्या मंडपात सवाष्णींची झुंबड उडाली. मी कुंकू लावत होते आणि वकिलांनी पढवल्याप्रमाणे एकेकीला विचारत होते, "मत आहे ना तुमचं?"

"आमाला कुठलं मत? शेतसारा मालक भरत्यात, मत त्येंचंच."

दुसरी तेच म्हणाली, तिसरीही तेच. वाण संपत आलं तरी मत असलेली एक बाई भेटेना. तेवढ्यात बाहेर लक्ष गेलं. मंडपाला लागून, उन्हात, कपाळ मोकळं असलेल्या बायका उभ्या होत्या. मी उठून गेले.

"आत या ना."

"आवं, आमी कशाला? ह्ये सवाष्णींचं काम हाय," एक म्हातारी म्हणाली.

"मत आहे तुम्हाला?"

"हाय की. ल्योक लढाईत मारला गेला, तवा सरकारनं पेन्शनीसंगं मत दिलं. हिचा नवरा गेला, हिलाबी हाय."

मला रडू आलं आणि रागही आला. ज्यांच्यासाठी हळदीकुंकू मांडलं, त्यांनाच आत यायची बंदी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि तेव्हाच डोक्यात आलं, मग आमच्या थोरल्या जाऊबाईंनाही मत असणार. घरात बसून मतं शोधणाऱ्या एकालाही त्या आठवल्या नव्हत्या.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. मामंजी येरझारा घालत राहिले. मग थांबून म्हणाले, "थोरल्यांना पाठवू. त्या त्यांच्यातल्याच. त्यांच्या शब्दाला त्या बायका मान देतील."

जाऊबाई दाराआड होत्या. पदर सावरून त्या पुढं आल्या, वकिलांदेखत.

"जाते मी, मामंजी. पण पुढच्या दारानं जाईन, आणि पुढच्याच दारानं येईन."

मामंजींचा चेहरा उतरला. त्यांनी वकिलांकडे पाहिलं. वकील पानदानात बघत होते. शेवटी मामंजी हळूच म्हणाले, "ठीक आहे. निवडणूक होईस्तोवर चालेल."

"मग त्या बायकांनाही तसंच सांगू का? निवडणूक होईस्तोवर या म्हणून?"

मामंजी वकिलांना घेऊन ओट्यावर निघून गेले. जाऊबाई गावाला गेल्या नाहीत. मामंजी पुढं गावोगाव फिरले, फेटे बांधून घेतले, भाषणं केली, त्या बायकांच्या दारी मात्र कुणीच गेलं नाही.

मतदानाच्या दिवशी जाऊबाई एकट्या पुढच्या दारानं बाहेर पडल्या, मत टाकून पुढच्याच दारानं आल्या. मामंजी ओट्यावर बसले होते, त्यांनी पाय आवरून वाट दिली. एक मत पदरात पडत होतं ना! ते कुणाला गेलं, मी कधी विचारलं नाही. मामंजी सपाटून पडले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात सडा घालत होते. निवडणूक संपलेली होती. जाऊबाई पुढच्या दारानं बाहेर आल्या आणि माझ्या हातातली बादली घेऊन विहिरीकडे निघाल्या.