गळ काय सांगून येतो?

आमच्या बाळकुमच्या बिल्डिंगमधले काका पूर्वी लांबच लांब दोरीला शेकडो गळ लावणाऱ्या बोटीवर होते. आमिषावर झेपावणारे समुद्रपक्षी गळात अडकून बुडू नयेत म्हणून बोटीमागे रंगीत पट्ट्या फडकत ठेवायचं काम त्यांचं. आता ते गच्चीवरच्या आमच्या कपड्यांच्या दोरीलाही पट्ट्या बांधतात.

"काका, इथे गळ कुठंय?" मी वैतागून विचारलं.

"अरे, गळ काय सांगून येतो?"

त्यांच्या आईच्या दहाव्याला खाडीवर तासभर कावळा शिवेना. शेवटी एक उतरला, तर काकांनीच पंचा फडकवून त्याला हाकललं. भटजी ओरडले. काकांनी पिंडाजवळ कुणीतरी टाकलेला गळ शांतपणे उचलला, दोरा गुंडाळून कमरेला खोचला आणि हात जोडले.

"आये, आता ये गो."